सही करण्याआधी पत्र कोणाचं ते बघ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यात तीन हजार जास्त मिळतात, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या आरएमसी प्लांटवर (तयार काँक्रीट बनवून साइटवर पाठवतात तिथं) कमी, तर कुठं जाऊ? मी म्हणेन हिंगण्याला जा. कारखान्याचं नेमणुकीचं पत्र तू मला पाठवलंस, त्यावर लेटरहेड कंत्राटदाराचं आहे. हिंगण्याचं पत्र कंपनीचं स्वतःचं आहे. माझ्यासाठी निकाल तिथंच लागला.

मी सिमेंटच्या लाइनीत आलो तेव्हा क्रशरपासून पॅकिंगपर्यंत माणसंच माणसं असत. पुढं कच्चा माल पाण्यात कालवून दळायची ओली पद्धत जाऊन कोरडी आली, कंट्रोल रूम आली. आज 1450 अंशांची भट्टी शिफ्टला मोजकी माणसं पडद्यावर बघून चालवतात. राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीवर उत्पादन वाढत गेलं, पण कायम नोकऱ्या त्या मानानं वाढल्या नाहीत. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत या शतकाच्या सुरुवातीला देशभरातल्या कारखाना कामगारांपैकी साधारण 20 टक्के कंत्राटी होते, आता ते 40 च्या पुढं गेलेत.

मीही चार वर्षं कंत्राटदाराकडून कामाला होतो. दर महिन्याच्या पगारपत्रकावर पीएफची कपात छापलेली असायची. सोडताना कळलं की अकरा महिन्यांचा भरणाच झालेला नाही. तो पैसा मला आजतागायत मिळाला नाही. तुझ्या बाबतीत हे होऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

हिंगण्यात तुला क्यूब, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, भरायला मिळेल. 150 मिलिमीटरचा साचा, तीन थर, प्रत्येक थराला रॉडनं 35 ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलून क्यूब पाण्यात, मग 7 आणि 28 दिवसांनी दाबून फोडायच्या मशीनखाली. नुसता आकडा लिहून मोकळी होऊ नकोस, क्यूब कसा फुटला ते हातात घेऊन बघ. चारही बाजू सारख्या तडकल्या असतील तर आकडा धरायचा. एकच कोपरा उडाला असेल तर साचा वाकडा होता किंवा क्यूब मशीनमध्ये नीट बसला नव्हता, आणि तो आकडा काँक्रीटचा नाहीच. ही नजर यायला वर्ष जातं, पण एकदा आली की कोणत्याही प्लांटवर तुझी गरज असते.

आणि ते महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडं काम प्रकल्पाबरोबर येतं आणि प्रकल्पाबरोबरच जातं. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर जून 2025 मध्ये पूर्ण खुले झाले, तसे वाटेवरचे काँक्रीट बनवणारे बॅचिंग प्लांटही उठले. ड्रायव्हर, हेल्पर घरी बसले. टेस्टिंग येणाऱ्यांना पुढची साइट लवकर मिळते.

तुझी केमिस्ट्री वाया जाणार नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतली कोळशाची राख सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते. पीपीसीत, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये, ती 15 ते 35 टक्के चालते, पण राखेत न जळलेला कोळसा किती उरलाय हे भट्टीत जाळून, वजन घेऊन कोणीतरी सांगावं लागतं. लाल विटांच्या भट्टीवर दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं येत. राखेच्या विटांच्या प्रेसवर तेवढी माणसं लागत नाहीत, पण माल तपासणारा माणूस लागतो. काँक्रीटच्या चाचणीचं मानक आयएस 516 आणि पीपीसीचं 1489 ही बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) साइटवर फुकट मिळतात, रुजू होण्याआधी वाचून ठेव.

धुळीच्या बाबतीत मात्र मुळीच ऐकून घेऊ नकोस. गिट्टी आणि चुरीजवळ काम असेल तेव्हा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क माग. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की ती काढणारं औषध नाही. माझ्यासोबतचे दोघं पन्नाशीत जिना चढू शकत नव्हते.

सोमवारी जाशील तेव्हा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर विचार, आणि दुसऱ्या पगारानंतर पीएफचं पासबुक उघडून भरणा झालाय का ते स्वतः बघ. सही करण्याआधी पत्राचा फोटो मला पाठव, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका