‘गार काढा’ म्हणे!

प्रश्न असा आहे : सुकवलेली जास्वंद, सफरचंदाच्या फोडी, संत्र्याची साल यांवर गरम पाणी ओतायचं, गाळायचं, बर्फ घालून प्यायचं. उन्हाळ्यातल्या या ‘हर्बल टी’ला मराठीत ‘थंड चहा’ म्हणावं की ‘गार काढा’?

दोन्ही नको. चहा चहाच्या झुडपाच्या पानांचा. ती यात नाहीत, विषय संपला. ‘गार काढा’ मात्र हल्ली फारच ऐकू येतो. परवा एका लग्नात पेल्यांच्या रांगेपुढे चक्क तशी पाटी होती! काढा निवू शकतो, पण आधी तो काढा तर असायला हवा. ‘अर्क काढतात म्हणून काढा’ असं छातीठोक सांगणारे भेटतात, त्यांना हात जोडून विनंती : थांबा. काढणे हे प्राकृत ‘कड्ढ’चं, म्हणजे ओढणे. काढा आला ‘क्वाथ’वरून, आणि क्वथ् म्हणजे उकळणे. कढणे, कढत, कढी ही सगळी त्याचीच भावंडं. जे चुलीवर कढलंच नाही, तो काढा कसला?

यासाठी शब्द आहे ‘फांट’. वैद्यांना तो रोजचा आहे, आपण विसरलो. आणि काय शब्द आहे! पाणिनीच्या ७.२.१८ या सूत्रात क्षुब्ध, स्वान्त, ध्वान्त अशा आडमुठ्या रूपांच्या रांगेत ‘फाण्ट’ बसलाय, आणि त्याचा अर्थ दिलाय ‘अनायास’. विनासायास! पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका ‘काशिका’, तिचे कर्ते तो उलगडून सांगतात : जे उकळलेलं नाही, वाटलेलं नाही, नुसत्या पाण्याच्या स्पर्शानं ज्याचा रस सुटतो असं कोमट पेय, ते फांट. काचेच्या भांड्यात गरम पाणी पडताच लाल रंगाच्या रेघा आपसूक खाली उतरू लागतात, ते पाहिलंत तर ‘अनायास’ कळायला दुसरी टीका लागत नाही.

इथे आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याच्याशी माझं भांडण आहे. तो फांटासाठी द्रव्य आधी कुटायला सांगतो. कुटलंत की आयास आलाच ना! त्याच्यामागून मान डोलावणारे वैद्य म्हणतात, व्याकरणकारांना औषधातलं काय कळतं. औषधातलं नसेल कळत. शब्दातलं कळतं, आणि चर्चा शब्दाची चालली आहे. माझा तर असाही कयास आहे, सिद्ध करता येणार नाही, की हा शब्द आधी घरगुती असावा : पाहुणा दारात, चूल विझलेली, आधणातलं उरलेलं पाणी मूठभर फुलांवर ओतलं, झालं फांट.

हो, प्रश्न गार पेयाचा होता. नुसतं गार पाणी ओतून रात्रभर ठेवलंत तर तो ‘हिम’. एक पल (हे जुनं वजन) द्रव्य, सहा पल पाणी, सकाळी गाळायचं. धणे रात्री भिजवून सकाळी ते पाणी खडीसाखर घालून पिणाऱ्या घरांत हिम होतच असतो, नाव तेवढं कोणी घेत नाही. (तो हिम, पुल्लिंगी. ते हिम हिमालयातलं.) तुमचं पेय मात्र गरम पाण्याचं आहे, त्यामुळे बर्फ कितीही घाला, ते गार फांटच. रात्रभर फ्रिजमध्ये भिजवाल तर हिम म्हणा. चवही जरा कमी तुरट येते.

आणि ती ‘जास्वंद’? पाकीट उघडून बघा. बहुतेक पाकिटांत पाकळ्या नसतातच. असतात ती फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती फुगलेली लाल, मांसल, आंबट आवरणं. ही आपली लाल अंबाडी. जास्वंदीच्या कुळातली खरी, पण देव्हाऱ्यातली नव्हे. इजिप्तमध्ये याच पेयाला ‘कर्कदे’ म्हणतात आणि गारही पितात. त्यांनी त्याला काढा म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.