वॉटरलेस वॉश स्प्रेने गाडीचा रंग खराब होतो का? कोकणात उन्हाळ्यात वापरावा का?

वॉटरलेस वॉश स्प्रेने, म्हणजे पाणी न ओतता फवारून पुसायच्या बाटलीने, रंग खराब होत नाही. वाळलेल्या मातीवर फडका दाबून फिरवणाऱ्या हाताने होतो. एवढं ठासून सांगते, कारण आमच्या घरात गेल्या गणपतीपासून याच गोष्टीवरून वाद चालू आहे आणि निम्मे नातेवाईक चुकीच्या बाजूला जाऊन बसलेत.

तुम्ही विचारलंय की विहीर तळाला गेली की गाडी धुवायची कशी, ही बाटली घ्यावी का, आणि डिटेलिंग स्प्रे म्हणजे तेच की वेगळं काही. बाटली घ्या. पण आधी माझ्या बॉनेटची हकीकत वाचा.

आम्ही दापोली तालुक्यात, समुद्राला लागून राहतो. गाडी माझी आहे, मीच चालवते, रंग गडद निळा. गडद गाडी ज्यांनी ठेवलीय त्यांना वेगळं सांगायला नको: पांढऱ्या गाडीवर वर्षभर लपून राहतं ते हिच्यावर सकाळच्या पहिल्या उन्हात दिसतं. मी बाटलीकडे वळले ती विहिरीमुळे. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर फिरतात, हे घाटावरच्या लोकांना पटत नाही. जांभ्यात पाणी थांबत नाही, झिरपतं आणि समुद्राला मिळतं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं तर वेगळंच दुखणं. गोड्या पाण्याची पातळी उतरली की खारं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. त्या पाण्याने गाडी धुतली की पाणी उडून जातं, मीठ पत्र्यावर राहतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी वाचवायचं म्हणूनच नाही, गाडीच्या भल्यासाठीही आमच्याकडे स्प्रेच बरा. कित्येक उन्हाळे मी तो वापरला आणि रंगाला काही झालं नाही.

मग गणपती आले. डोंबिवलीहून भावोजी आणि मंडळी रेल्वेने खेडला उतरायची होती, मी गाडी घेऊन आणायला गेले. मधून मधून पाऊस होता, पुढच्या ट्रकांच्या चाकांनी उडवलेला लाल चिखल पार काचेपर्यंत आलेला. दुसऱ्या दिवशी उघडीप पडली, ऊन आलं, चिखल वाळून पापुद्रे धरले. मी स्वयंपाकघरात, उकडीच्या मोदकांची पहिली चाळण चुलीवर. भावोजींना वाटलं वहिनीला मदत करावी. पडवीतल्या फळीवरून माझी बाटली घेतली, बॉनेटवर दोन फवारे मारले आणि दोरीवरचा जुना पंचा घेऊन गोल गोल घासायला सुरुवात केली. मी बाहेर येईपर्यंत ड्रायव्हरच्या बाजूचं अर्धं बॉनेट आणि एक दरवाजा उरकला होता. “वहिनी, बघा कशी चमकतेय!” खळ्यात मांडवाची सावली होती, सावलीत चमकतच होती. सकाळी गाडी उन्हात काढली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळंच वर्तुळं.

त्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. घरच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं की ही केमिकलं रंग खातात, वहिनीची गाडी बघा, साधं पाणी वापरायचं सोडून कशाला हे नाद. तेव्हापासून लग्नात, बारशात, जिथे भेट होईल तिथे मला हे ऐकावं लागतं. आणि त्या दिवशी विहीर काठोकाठ भरलेली होती! भाद्रपदात चार बादल्या पाणी ओतायला कुणी नको म्हटलं होतं?

आता कारण सांगते. बाटलीत मुख्यतः पाणीच असतं, त्यात मळ सुटा करणारे साबणासारखे घटक आणि मेण किंवा पॉलिमर. फवारा बसला की धुळीचे कण भिजतात, त्यांच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि फडक्याबरोबर ते न घासता उचलले जातात. हे कधी होतं? धूळ पातळ असेल आणि फवारा भरपूर असेल तेव्हा. गाडीच्या रंगावरचा क्लिअरकोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. आपल्या लाल मातीत लोखंडाची संयुगं असतात. शिवाय मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झाल्यापासून त्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांवर खडीची भुकटीही बसते. दोन्ही क्लिअरकोटपेक्षा कठीण. वाळलेल्या चिखलाच्या जाड थरात दोन फवारे मारून पंचा फिरवला म्हणजे पॉलिश पेपरच फिरवला. तो पंचा नुसत्या पाण्यात बुडवून फिरवला असता तरी हेच झालं असतं.

पुरावा माझ्या खळ्यात उभा आहे. त्याच बॉनेटच्या दुसऱ्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला मी तीच बाटली कित्येक उन्हाळे वापरलीय, तिथे एक वर्तुळ नाही. गाडी तीच, रंग तोच, बाटली तीच. वेगळं होतं ते मातीचं प्रमाण आणि फडका. चिपळूणला मशीन पॉलिश करून देतात, पण मी अजून केलेलं नाही, कारण पॉलिश म्हणजे त्याच पातळ थरातला आणखी थोडा घासून काढणं. आणि खरं सांगायचं तर ती वर्तुळं भावोजींना उन्हात उभं करून दाखवायची आहेत.

तुमच्यासाठी माझा नियम एवढाच: बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ असेल, किंवा हाताला कच लागत असेल, तर बाटली खाली ठेवा आणि आधी पाणी मारा. रात्रभर उभ्या गाडीवर बसलेली धूळ, हवेतून आलेला खारट थर, हातांचे डाग, एवढ्यापुरती ती आहे. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा, नाहीतर फवारा पुसण्याआधीच वाळतो. एका वेळी एकच भाग, छपरापासून खाली. चांगला भिजवा, अर्धा मिनिट थांबा. मायक्रोफायबरची चौघडी करा म्हणजे आठ कोऱ्या बाजू मिळतात. एका दिशेने, जोर न देता एकदा फिरवा आणि बाजू बदला. मळलेली बाजू परत पत्र्याला लावायची नाही. पूर्ण गाडीला सहा-सात फडकी लागतात. बनियन, पंचा, जुनी साडी यांतलं काहीही नको. चाकांमागचा आणि दरवाज्याखालचा पट्टा स्प्रेने करूच नका, तिथे कच कायम असते.

पाणी थोडं तरी मिळत असेल तर त्याहून चांगला रिन्सलेस वॉश. हे लोक विसरतात. हे पाण्यात मिसळायचं द्रावण, १० लिटरच्या बादलीत साधारण ४० मिली, म्हणजे १:२५६ च्या आसपास. एका बादलीत अख्खी गाडी होते, वर पाणी ओतावं लागत नाही. बादलीचं पाणी मचूळ नको. आम्ही पावसाळ्यात पागोळीखाली पिंप लावून पाणी धरून ठेवतो, झाकून ठेवलं की बरेच दिवस पुरतं आणि गाडीवर डाग सोडत नाही.

गाडी कलमाखाली लावत असाल तर मोहोराच्या दिवसांत जो चिकट थर बसतो तो तुडतुड्यांचा. त्यात साखर असते, त्यावरच पुढे काळी बुरशी धरते. त्याला महागडं काही लागत नाही. ओला फडका दहा मिनिटं नुसता ठेवून द्या, साखर विरघळते, मग पुसा. कैरीचा चीक मात्र दिसल्या क्षणी काढायचा. त्याने आपली कातडी पोळते, रंगावर तरी कशाला राहू द्यायचा?

डिटेलिंग स्प्रेचं राहिलंच. तो धुतलेल्या गाडीसाठी, शेवटची चकाकी आणायला किंवा बोटांचे ठसे काढायला. धूळ काढायला तो लावू नका, त्यात तेवढा बुळबुळीतपणा नसतो. माझ्याकडे आहे, लग्नाकार्याला जाताना वापरते, एरवी नाही.

गाडीखाली आणि सांध्यांत बसणारं मीठ हा वेगळा विषय आहे आणि तिथे कुठलीही बाटली उपयोगाची नाही. दाभोळ–धोपावे फेरीने जात-येत असाल किंवा किनाऱ्यालगत राहत असाल तर गाडीखालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा अधूनमधून हवाच. गंज खालून आणि सांध्यांतून धरतो. मुरुड-कर्द्याच्या पुळणीत गाडी घालणाऱ्यांना मी तर सल्लाच देत नाही. पुळण गाडीसाठी नाही. गाडीही सडते आणि किनाऱ्याचीही नासाडी होते.

आणखी दोन-तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या. ब्रेकच्या डिस्कवर फवारा उडू देऊ नका, मेण बसलं तर ब्रेक घसरतो. पुढच्या काचेवरही नको, वायपरखाली तेलकट पट्टे उमटतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकल्यासारखा दिसतो. मॅट रंग असेल तर त्याच्यासाठीचं वेगळं औषध येतं, साध्या बाटलीने तो ठिकठिकाणी चमकायला लागतो. आणि नुकताच रंग मारलेला भाग असेल तर मेणवालं काही लावण्याआधी रंगाऱ्याला विचारा, ताज्या रंगाला पूर्ण सुकायला आठवडे लागतात.