कंपाउंडची भिंत उंच करावी का?

प्रश्न : जळगावच्या एका नव्या कॉलनीत आमचा बंगला आहे. आखाजीला आम्ही गावी गेलो असताना कडी-कोयंडा तोडून घरफोडी झाली. आता सर्वांनी आठ फुटी भिंती घालाव्यात, असे कॉलनीत ठरत आहे. शेजारी घरकुल योजना आली तर चोऱ्या वाढतील म्हणून तिलाही विरोध चालला आहे. काही जण फ्लॅट घेण्याच्या विचारात आहेत. आपले मत काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांना कंपाउंड नव्हतेच. ओटे गल्लीला लागून असत, उन्हाळ्यात सारे घर धाब्यावर झोपे आणि अनोळखी माणूस दिसला की ‘कोनाकडे जानं शे भाऊ?’ असे ओट्यावरूनच विचारले जाई. कॉलनीत मात्र अर्धे प्लॉट गाजरगवताने भरलेले असतात, आणि उरलेल्या घरांत खिडक्या लावून कुलर सुरू असल्याने शेजारचा कोयंडा तुटला तरी तो आवाज कोणाच्या कानावर जात नाही.

भरीव उंच भिंत चोराला आत शिरेपर्यंतच अडवते. एकदा तो आत उतरला की तीच भिंत त्याला रस्त्यावरच्या नजरेपासून लपवते. राष्ट्रीय इमारत संहितेत कंपाउंडची उंची सर्वसाधारणपणे १.५ मीटर धरली आहे, आणि २.४ मीटरपर्यंत, म्हणजे तुमच्या आठ फुटांपर्यंत, जायचे असल्यास वरचा ०.९ मीटर भाग जाळीसारखा खुला ठेवण्याची अट आहे. त्यामुळे भिंत वाढवायचीच असेल, तर वरच्या तीन फुटांना जाळी लावा.

फ्लॅट म्हणजे आपोआप सुरक्षितता, असेही नाही. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या प्रुइट-आयगो या ३३ इमारतींच्या, अकरा मजली सरकारी वसाहतीत गुन्हेगारी आणि पडझड इतकी वाढली, की १९७२ पासून ती पाडावी लागली. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांना तेथे दिसले, की दोन कुटुंबांपुरता सामाईक असलेला पॅसेज नीट राखलेला होता, तर वीस कुटुंबांच्या पॅसेजची दुर्दशा झाली होती. रस्त्यापलीकडच्या बैठ्या वसाहतीत त्याच आर्थिक स्तरातील लोक राहत होते आणि ती वसाहत सुस्थितीत होती. अर्थात दोष केवळ नकाशाचा नव्हता. देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता, आणि भाडेकरू निघून गेल्यावर तो पैसाही आटला.

म्हणून घरकुलाला सरसकट विरोध करणे मला अन्यायाचे वाटते, आणि तुमच्या सोयीचेही नाही, कारण तुमच्या मागच्या बाजूला ओसाड जागेऐवजी दिवसभर जाग असलेली वस्ती येणार आहे. विरोधापेक्षा नकाशा मागवून पाहा: एका जिन्यावर किती कुटुंबे आहेत, दारे-खिडक्या ओपन स्पेसकडे उघडतात का, जिन्यातील दिव्यांचे बिल आणि देखभाल कोणाकडे आहे? हरकत घ्यायची तर या मुद्द्यांवर घ्या.

तोवर रिकाम्या प्लॉटच्या मालकांना गाजरगवत काढायला लावा, आणि पुढच्या आखाजीला गावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जा.