डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आली, आता काय?

मागच्या पावसाळ्यात औश्याकडची एक जोडी सासूबाईंना घेऊन माझ्याकडं आली (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). पोरगी 24 वर्षांची, तिसरा महिना संपत आलेला, रिपोर्टची घडी घालून घालून कागद पार मऊ झालेला. बसायच्या आधीच, "मॅडम, पोट पाडावं लागतंय का?"

डबल मार्कर म्हणजे तिसऱ्या महिन्यातली आईच्या रक्ताची तपासणी, बाळात क्रोमोसोमचा दोष असायची शक्यता किती ते सांगणारी. तिच्यात डाऊन सिंड्रोमसाठी (21 नंबरचा क्रोमोसोम जास्तीचा असला की होतो, बाळाची वाढ अन् बुद्धी मागं राहते) 1:180 आलं होतं अन् पुढं लाल अक्षरात हाय रिस्क. म्हणलं मावशी, असा रिपोर्ट आलेल्या 180 बाया लाईनीनं बसवल्या तर साधारण एकीच्या बाळाला असतंय, 179 जणींच्या नाही. मावशी म्हणाल्या, "मग लाल कशाला छापतेत?" बरोबरच की. त्या लॅबची रेष 1:250 वर होती, 180 तिच्या आत आलं म्हणून लाल, एवढंच.

मग एनआयपीटी ही पुढची रक्ततपासणी सांगितली. दहाव्या आठवड्यानंतर होते, पोटात सुई नाही, आईच्या दंडातलं रक्त घ्यायचं, कारण वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे त्यात फिरत असतात, त्यावरून 21, 18 आणि 13 नंबरच्या क्रोमोसोमचा अंदाज येतो. पण ही पण चाळणीच बरं का, पक्कं निदान नाही, हाय रिस्क आली तरी गर्भजल तपासल्याशिवाय काहीच ठरवायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं.

"त्यात मुलगा-मुलगी कळतंय का?" मावशींनी हळूच विचारलं. सांगत नाहीत, 1994 चा कायदा आहे, विषय बंद.

निघता निघता पोरगी सासूला "आत्या, चप्पल" म्हणाली तेव्हा माझी ट्यूब पेटली. मामाचीच पोरगी केलेली, आपल्याकडं सर्रास असतंय. आता जवळच्या नात्यात दोघांकडं एकच दोष असायची शक्यता वाढते, अन् थॅलेसेमियासारखे (रक्त नीट न बनण्याचे) आनुवंशिक आजार नेहमीच्या एनआयपीटीत दिसत नाहीत, अन् नवरा-बायको दोघं कॅरिअर (स्वतः आजारी नाहीत, पण दोष बाळाला देऊ शकतात असे) असले तर दर गरोदरपणात बाळाला आजार व्हायचा 25 टक्के धोका. परत बसवलं, एचपीएलसी (थॅलेसेमियाचा कॅरिअर ओळखायची रक्ततपासणी) लिहून दिली. तिची आली मायनर, म्हणजे ती कॅरिअर. नवऱ्याला म्हणलं आता तुमची करा, तर "मला काहून? मला काय झालंय?" कॅरिअरला सहसा काही जाणवत नसतंय, म्हणून तर रक्त तपासायचं, हे त्याच्या गळी उतरवण्यात अर्धा तास गेला. त्याची नॉर्मल निघाली.

दहा-बारा दिवसांनी मावशींचाच फोन, "लो रिस्क आलंय, लाल कायबी नाही. पण डॉक्टर अजून सोनोग्राफी म्हणायलेत, आता काय राहिलं?" म्हणलं हृदय, पाठीचा कणा हे रक्तात दिसत नाही मावशी, अठराव्या ते विसाव्या आठवड्यात मशीनवरच बघावं लागतंय.

"मग पोळा झाला की येतोत," म्हणाल्या.