तीर्थन खोऱ्यात गाइडसह फ्लाय फिशिंगची सहल ठरवताना काय पाहावे?

आधी तारीख पाहावी, मग हॉटेल. हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या नद्यांवर 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण तो या माशांच्या विणीचा काळ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ होऊन माशाला माशीच (पिसांची नकली माशी, हेच फ्लाय फिशिंगचे आमिष) दिसत नाही, म्हणून मार्च ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हेच दिवस धरावेत.

गाइडशी बोलताना मत्स्य विभागाचा परवाना तो काढून देणार की तुम्ही काढायचा, हे स्पष्ट विचारावे. परवान्याशिवाय ‘चालतं हो’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. दुसरा प्रश्न साधनांचा: त्याच्याकडे फ्लाय फिशिंगची नऊ फुटी, पाच वजनाची (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे) काठी आणि जाड दोरी आहे का, की तो तुमच्या हाती चमचा (चकाकणारे धातूचे आमिष) लावलेली साधी स्पिनिंगची काठी देणार आहे? दोन्हींना सरसकट ‘फिशिंग’च म्हटले जाते, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. पिसे गुंडाळलेली माशी इतकी हलकी असते की ती स्वतःच्या वजनाने फेकता येत नाही. दोरीचे वजन तिला पुढे नेते, आणि ही फेक शिकण्यातच नवख्याची पहिली सकाळ जाते. म्हणून किमान दोन दिवसांचे आरक्षण करावे.

मुंबई-पुण्याहून चंदीगड गाठून मनालीच्या बसने औटला उतरावे. पुढे बंजारमार्गे तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणीला जाता येते. शेवाळलेल्या गोट्यांवर चप्पल टिकत नाही, पकड असलेले बूट न्यावेत.