बदकांपासून सुरुवात कर

चि.,
अनेक आशीर्वाद.

इंग्रज कादंबरीकार बार्बरा कॉमिन्सवरचा तुझा लेख वाचला. कष्ट दिसतात. पण पहिली दोन पानं तिची गरिबी, मोडलेला पहिला संसार आणि झालेलं दुर्लक्ष यांतच संपली. कादंबऱ्या तिसऱ्या पानावर अंग चोरून उभ्या आहेत. 'उपेक्षित' हा शब्द एकदा पुरे. ग्रॅहम ग्रीनसारखा लेखक तिचा पाठीराखा होता. 1980च्या दशकात विरागो प्रकाशनाने तिची पुस्तकं पुन्हा छापली आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईंची नवी कादंबरी आली, 'द ज्युनिपर ट्री' (1985). हे दोन ओळींत सांग.

सुरुवात बदकांपासून कर. 'हू वॉज चेंज्ड अँड हू वॉज डेड' (1954) उघडली की बदकं दिवाणखान्याच्या खिडक्यांतून आत पोहत येतात. नदीला पूर आलाय. गंमत वाटते, तोवर बुडालेली जनावरं दिसू लागतात. पुढे पावातल्या अरगट बुरशीने गावातली माणसं भ्रमिष्ट होतात, मरतात, आणि सांगणाऱ्याचा सूर बदकांच्या वेळी होता तसाच! इथे थांब. तो सूर नेमका कुठे आपल्याला दचकवतो, ते एकेक वाक्य धरून दाखव. आयर्लंडने या पुस्तकावर बंदी घातली होती; मला तरी ते राग येण्याजोगं वाटतं, नवल वाटण्याजोगं नाही.

'अवर स्पून्स केम फ्रॉम वुलवर्थ्स' (1950) मधली नायिका सोफिया म्हणजे बार्बराच, असं तू सरळ धरून चाललास. बाईंनी पुस्तकातच टीप छापली आहे: लग्न, गरिबी आणि प्रकरणं 10, 11, 12, एवढंच खरं. ती प्रकरणं बाळंतपणाची आहेत, सरकारी आरोग्यसेवा (1948) येण्याआधीच्या इस्पितळातली. सोफिया तिथे कुणावर आगपाखड करत नाही, म्हणून वाचताना आपलाच संताप होतो.

आणि 'द व्हेट्स डॉटर'ला (1959) लावलेलं 'जादुई वास्तववाद' (रोजच्या जगात अद्भुत गोष्टी सहज घडतात अशी लेखनशैली) हे लेबल काढ बघू. जनावरांच्या डॉक्टरची मुलगी ॲलिस अंथरुणावरून हवेत उचलली जाते, त्यापेक्षा तिच्या बापाचं घर जास्त भयंकर आहे. मुलगी तरंगते म्हटल्यावर बापाला सुचतं काय, तर पैसा! लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमन या मैदानावर काय घडतं ते मात्र फोडू नकोस.

नवा मसुदा हजार शब्दांच्या आत बसव. चरित्राचा परिच्छेद ठेवायचाच असेल तर शेवटून दुसरा.

तुझा,
सर