ॲक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) आपली वाट कशी शोधतो हे शिकायला घेतोयस, तर आधी हे वाच

रेणूंची यादी पाठ करत बसू नकोस. आधी ग्रोथ कोन नीट बघ. ॲक्सॉनच्या टोकाचा हा पंजा स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने 1890 मध्ये वर्णन केला, तोही स्थिर, रंगवलेल्या पेशी पाहून! मला याचं आजही नवल वाटतं. जमलं तर जिवंत पेशींचा व्हिडिओ बघ. बारीक बोटं पुढे येतात, चाचपतात, मागे जातात.

मग रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाचे प्रयोग. त्याने बेडकाची दृष्टिनस कापून डोळा 180 अंशांत फिरवला. तंतू पुन्हा वाढले ते मेंदूतल्या आपापल्या जुन्या जागीच, त्यामुळे वरची माशी पकडायला बेडूक खाली झेपावायचा. अनुभवाने ते सुधारलं नाही. म्हणजे पत्ता रासायनिक खुणांत होता.

नवखे हमखास चुकतात ते इथे: नेट्रिन या वाट दाखवणाऱ्या रेणूपुढे ‘आकर्षण’ असं लिहून मोकळे होतात. तोच नेट्रिन डीसीसी या ग्राहकामुळे (पेशीच्या पृष्ठभागावरचं, असा रेणू ओळखणारं प्रथिन) ओढतो आणि यूएनसी-5 हा ग्राहक असेल तर ढकलतो. मज्जारज्जूची मध्यरेषा ओलांडणारे तंतू तर ओलांडल्यावर रोबो ग्राहक पृष्ठभागावर वाढवतात. मग मध्यरेषेवरचा स्लिट हा ढकलणारा रेणू त्यांना परत फिरू देत नाही. म्हणून दर वेळी विचार: या क्षणी या टोकावर कोणता ग्राहक आहे?